जुन्या कमांडरची लाईट लई मंद, रिले टाकून वायरिंग करू का सरळ एलईडी बसवू?

जांबोटीचा_रताळेवाला

राम राम मंडळी. गाडी जुनी कमांडर जीप, १९९८ मॉडेल, गोल ७ इंची हेडलाईट. चार वर्षांमागं गोकाककडच्या एका अण्णाकडनं घेतली, इंजिन अजून एका सेल्फात चालू होतंय, तक्रार असली तर लाईटची. डिपरवर (जवळचा, खालचा उजेड) कंदील धरून चालल्यागत वाटतंय, अप्पर (लांबचा उजेड) मारलं की तेवढ्यापुरतं बरं पण तेबी पिवळट, मेल्यागत.

आठवड्यातनं तीन-चार दिवस पहाटे साडेतीनला रताळी भरून बेळगावच्या यार्डात जातो, जांबोटी, कुसमळी, किणये, पिरनवाडी असा रस्ता. मागल्या बुधवारी किणयेच्या अलीकडं वळणावर उसाचा ट्रॅक्टर बंद पडून उभा, मागं दोन ट्रॉल्या, ना लाल लाईट ना रिफ्लेक्टर ना मागं साधा दगड ठेवलेला, आणि नेमकी त्याच टायमाला समोरनं एक कार पांढऱ्याफट लाईटी घेऊन आली. मला काय बी दिसंना. ब्रेक दाबून गाडी थांबली तवा ट्रॉलीतनं लोंबणारी उसाची पात माझ्या काचेवर घासायली होती. मागची पोती सगळी सीटला येऊन धडकली. घरात अजून सांगितलं नाही.

आतापर्यंत काय काय केलं ते सांगतो म्हणजे परत तेच विचारायला नको. आधी ६०/५५ वॅटचे (अप्पर ६०, डिपर ५५) बल्ब होते ते काढून १००/९० चे टाकले. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी डॅशबोर्डातनं जळका वास यायला लागला आणि उजवीकडचा होल्डर वितळून बल्बलाच चिकटला, पकडीनं ओढून काढावा लागला. मग परत ६०/५५ टाकले. बॅटरी नवीन आहे. मीटरनं पण बघितलं, होल्डर काढून आत वायर धरली तर १२.५ व्होल्ट येतंय आणि बॅटरीवर १२.६, म्हणजे वायरिंग चांगलंच म्हणायचं की. मग लाईट मंद कशी?

दुकानवाला म्हणतोय वायरिंगच्या नादाला लागू नको, १८०० रुपयात एलईडीची जोडी घे, तीस हजार लुमेन. दुसरा एक दोस्त म्हणतोय रिलेचं किट टाक. रिले टाकल्यानं लाईट वाढते कशी तेच मला कळंना, रिले म्हणजे नुसता स्विचच ना? करंट कुठनं वाढणार? आणि बॅटरीवरनं थेट वायर ओढली तर गाडी पेटायची भीती वाटते. जाणकारांनी सांगा.

घाटातला_टेंपो

एलईडी टाक आणि विषय संपव मर्दा. मी माझ्या गाडीला टाकलीय, चोर्ल्याच्या घाटात दिवसागत उजेड पडतो. रिले बिले जुन्या काळातलं झालं.

निपाणीचा_पाहुणा

घाटातला_टेंपो, तुला दिवसागत उजेड पडतो आणि समोरच्याला आंधळं करतो त्याचं काय? ह्यो बिचारा त्याच लाईटीमुळं ट्रॉलीखाली जाणार होता की, परत वाच वर काय लिहिलंय ते. हायवेवर रात्रीचं निपाणी ते बेळगाव येताना निम्म्या गाड्या असल्याच. २०२४ च्या जुलैपासनं कर्नाटकात पोलिसांनी असल्या डोळे दिपवणाऱ्या लाईटींवर केसेस टाकायची मोहीम काढली होती, तवा चार दिवस लोकांनी एलईडी काढून ठेवल्या, परत बसवल्या. असो, मूळ प्रश्नाचं मला उत्तर येत नाही, वायरिंगवाले मामा असतात इथं, ते बघतील.

वायरिंगवाले_मामा

आहे आहे. दुकान बंद करून आत्ता बसलो जेवायला, जेवत जेवत टाईप करायलोय, चुका पदरात घ्या.

रताळेवाल्या, तू मीटर लावलास हे चांगलं केलंस पण लावलास चुकीचा. होल्डर काढून मोजलास म्हणजे वायरीतनं करंटच वाहत नव्हता. वाहिलाच नाही तर व्होल्टेज पडणार कुठं? गावातल्या नळाचं बघ, तोटी बंद असताना पाईपात प्रेशर पुरं असतं, तोटी सोडली की बारीक धार येते, कारण पाईप गंजून आतनं बारीक झालाय. तुझी वायर तशी आहे. तोटी सोडून मोज.

कसं मोजायचं बघ. इंजिन चालू ठेव, थोडी रेस. डिपर लाव, होल्डर बल्बला लावलेलाच ठेव. मीटर डीसी २० व्होल्टवर. लाल टोक बॅटरीच्या प्लसवर, काळं टोक होल्डरच्या पाठीमागनं आत सारून डिपरच्या पत्तीला टेकव, तिथं बारीक टाचणी घातली तर सोपं जातं, फक्त टाचणी बॉडीला लागू देऊ नको. आता मीटरवर जो आकडा येईल तो म्हणजे वाटेत हरवलेला व्होल्टेज. अर्धा व्होल्ट किंवा त्याच्या आत असला तर वायरिंगला हात लावू नको, दुसरीकडं शोध. मग तसंच निगेटिव्हचं कर, एक टोक बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरं बल्बच्या अर्थच्या पत्तीवर. ही अर्थिंगची बाजू लोक बघतच नाहीत, माझ्याकडं येणाऱ्या जुन्या गाड्यांत निम्मं दुखणं तिथंच सापडतं. दोन्ही आकडे इथं टाक.

आता रिलेनं लाईट वाढते कशी. रिले करंट बनवत नाही, तुझं बरोबर आहे, तो स्विचच, फक्त हातानं नाही तर आतल्या कॉईलला थोडा करंट दिला की लागतो. आत्ता तुझ्या गाडीत बॅटरीपासनं निघालेला सगळा करंट डॅशबोर्डात जातो, स्विचातनं जातो, तिथनं डिपरच्या स्विचाला, तिथनं परत पुढं लाईटीला. पंचवीस वर्षांची बारीक वायर, काळ्या पडलेल्या पत्त्या, मध्ये कुणीतरी पिळून टेप मारलेले जोड. ५५ वॅटचे दोन बल्ब म्हणजे ११० वॅट, भागिले १२, झाले ९ अँपिअरच्या वर. तेवढे अँपिअर त्या सगळ्या वाटेनं फिरून येतात आणि प्रत्येक जोडावर थोडा थोडा व्होल्टेज टोल दिल्यागत देऊन येतात. रिले टाकलास की जुन्या वाटेनं फक्त रिलेच्या कॉईलपुरता करंट जातो, अँपिअरचा पाचवा हिस्सा समज, कमीच. बल्बचा खरा करंट बॅटरी, फ्यूज, रिले, बल्ब असा हातभर जाड वायरीतनं थेट जातो. स्विच पण वाचतो.

आणि हॅलोजन बल्बचं गणित सरळ नसतं हे लक्षात घे. व्होल्टेज दहा टक्के कमी झालं तर उजेड दहा टक्के नाही, तीस टक्के कमी होतो. व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताच्या पटीत उजेड बदलतो, पुस्तकात असं देतात. म्हणून दोन व्होल्ट हरवले की बल्ब निम्माच पेटतो आणि पिवळा दिसतो. तू म्हणालास ना मेल्यागत, ते तेच.

१००/९० टाकलास तवा काय झालं ते पण ह्यातच आलं. ९ च्या जागी १५ अँपिअर ओढायला लागलास त्याच बारीक वायरीतनं. वायरीत तयार होणारी उष्णता अँपिअरच्या वर्गानं वाढते, म्हणजे दीडपट करंटला सव्वादोन पट, तुझ्या हिशोबात पावणेतीन पटीच्या आसपास. म्हणून होल्डर वितळला. नशीब चांगलं, स्विच वाचला. ते बल्ब आता टाकून दे, कुणाला देऊ पण नको.

खानापूर_रोड_वरचा

मामा एक शंका, माझ्या जुन्या व्हॅनला मागं रिले किट टाकायला गेलो तर मेकॅनिक म्हणाला ह्या गाडीला उलटं कनेक्शन हाय, होणार नाही. उलटं म्हणजे काय?

वायरिंगवाले_मामा

काही जुन्या जपानी बनावटीच्या गाड्यांत बल्बच्या सामाईक पत्तीला (जिथं एरवी अर्थ असतो) कायम प्लस असतो आणि स्विच निगेटिव्ह जोडतो तोडतो. त्याला उलटं म्हणत्यात. होत नाही असं काय नाही, कॉईलची दोन टोकं ८५ आणि ८६, त्यातलं एक त्या कायमच्या प्लसला लाव आणि दुसरं स्विचकडनं येणाऱ्या निगेटिव्हला, रिलेला काय फरक पडतोय. फक्त रिलेच्या आत डायोड (करंट एकाच दिशेनं सोडणारा तुकडा) असला तर प्लस-मायनस बघून लावावं लागतं, त्याच्यावर चित्र छापलेलं असतं. जीपला लावायच्या आधी पण टेस्ट लॅम्पनं बघून घ्या, अंदाजानं कुणी काय करू नका.

जांबोटीचा_रताळेवाला

मामा तुमचे पाय कुठं आहेत. आज सकाळी मोजलं, भाऊ रेस द्यायला बसला होता.

बॅटरीवर इंजिन चालू असताना १३.९. प्लसच्या बाजूला हरवलेला १.७ व्होल्ट. अर्थच्या बाजूला ०.८. म्हणजे बल्बला मिळायलंय फक्त ११.४!! मी दोनदा मोजलं, मला वाटलं मीटर खराब. डावीकडच्या लाईटीला अर्थ थोडा बरा आहे, ०.५ आला.

आणि अर्थची वायर कुठं जाते ते बघितलं तर आधीच्या अण्णानं ती तोडून ग्रीलच्या पत्र्याला एका स्क्रूनं लावलीय, त्या स्क्रूखाली दोन थर कलर. कलरवर स्क्रू! गाडीला दोष नाही, वायरिंगचा पार गोधडा केलाय लोकांनी, हॉर्न, टेप, जुन्या फॉगलाईटीच्या तुटक्या वायरी, एका वायरीला तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला सापडला.

वायरिंगवाले_मामा

११.४ आणि १३.९. म्हणजे तू निम्म्या उजेडात वर्षानुवर्षं चोर्ला रोडला गाडी मारतोस. बरं.

आता सामान सांगतो. दोन रिले, चार पत्तीचे, ३० किंवा ४० अँपिअरचे, नावाजलेल्या कंपनीचे घे, साठ रुपयेवाले नको. दोन फ्यूज होल्डर झाकणवाले, फ्यूज १५ अँपिअरचे. डिपरला वेगळा आणि अप्परला वेगळा फ्यूज, हे विसरू नको, किटमध्ये बऱ्याचदा एकच ३० चा देत्यात. एकच असला आणि घाटात उडाला तर दोन्ही लाईटी एकदम जातील, वेगळे असले तर निदान दुसऱ्यावर घरी येशील. आणि फ्यूज बल्बसाठी नसतो, वायरीसाठी असतो, वायर किती सोसते त्याच्यावर फ्यूज ठरवायचा.

वायर २.५ स्क्वेअर एमएम, गाडीची मऊ वायर, घरातल्या फिटिंगची कडक नको, ती हादऱ्यानं मोडते. वायर घेताना दुकानातच ब्लेडनं एक तार खरवडून बघ. आतनं पांढरी दिसली तर अॅल्युमिनियमला तांब्याचं पाणी दिलंय, तशीच परत दे. हल्ली असला माल लई यायलाय, वरनं हुबेहूब तांबं. कॉईलसाठी पाऊण एमएमची चालते. होल्डर दोन, एच-४ चे (तुझ्या दोन तारांच्या बल्बचा प्रकार), पांढऱ्या चिनी मातीचे मिळतात ते घे, वितळत नाहीत.

जोडणी: बॅटरीच्या प्लसवरनं वायर, वीतभर अंतराच्या आत फ्यूज, तिथनं रिलेच्या ३० नंबरला. ८७ नंबरवरनं दोन्ही बल्बला. ८५ अर्थला. ८६ ला जुन्या होल्डरकडं येणारी डिपरची वायर. असाच दुसरा रिले अप्परचा. एका बाजूचा जुना होल्डर ह्या कॉईलसाठी वापरला जाईल, दुसऱ्या बाजूचा रिकामा राहील त्याला टेप मारून बांधून ठेव. तू भीती म्हणालास ना पेटायची, ती खरी आहे, पण ती बॅटरी ते फ्यूज ह्या वीतभर तुकड्यात आहे. तेवढ्या तुकड्याला कायच रक्षण नाही, तो बॉडीला घासला की बॅटरी सगळा जोर लावते. म्हणून त्याच्यावर स्लीव्ह घाल आणि फ्यूज जितका बॅटरीजवळ तितकं बरं. फ्यूजच्या पुढं काय बी झालं तर फ्यूज जाईल, गाडी नाही.

अर्थ नवीन ओढ, दोन्ही बल्बच्या, त्यापण २.५ च्याच, थेट बॅटरीच्या मायनसला. पत्र्यावर भरवसा ठेवू नको तुझ्या त्या.

रिले बसवताना पत्त्या खाली तोंड करून बसव. वर केल्यास तर तुमच्याकडच्या पावसात आत पाणी साठणार, कणकुंबी-जांबोटीचा पाऊस मला सांगायला नको. थिंबलला (वायरीच्या टोकाला बसवायची पत्ती) प्लायरनं नुसतं चेपू नको, थिंबलची पकड वेगळी मिळते, नसेल तर माझ्यासारख्या कुणाकडनं तेवढं मारून घे, २० रुपये घेईल. पिळून टेप मारलेला एक जोड जरी ठेवलास तरी आपण परत तिथंच.

घाटातला_टेंपो

एवढा उद्योग करण्यापेक्षा एलईडी १८०० ला, अर्ध्या तासात काम. शिवाय एलईडीला करंटच कमी लागतो, मग जुनं वायरिंग पण चालतंय. मामांना धंदा पायजे 😀

वायरिंगवाले_मामा

मर्दा मी त्याला फुकट सांगायलोय, धंदा कसला. करंट कमी लागतो हे तुझं बरोबर आहे, ते मी नाकारत नाही. पण एच-४ चा बल्ब हातात घेऊन बघ कधी तरी. आत दोन तारा असतात आणि डिपरच्या तारेखाली एक बारीक धातूची वाटी असते. ती वाटी उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या निम्म्या भागावर पडू देते, म्हणून उजेड खाली रस्त्यावर पडतो आणि वर समोरच्याच्या डोळ्यात जात नाही. काच आणि रिफ्लेक्टर त्या तारेची जागा धरून मिलिमीटरच्या हिशोबात बनवलेले असतात. तिथं तू एलईडीच्या चिप लावलेली काठी घालतोस, त्याची जागा वेगळी, आकार वेगळा, उजेड सगळीकडं उडतो. तुला झाडं, बोर्ड, सगळं लख्ख दिसतं म्हणून वाटतं लई उजेड. पण लांबवर रस्त्यावर किती पडतो ते बघ. आणि धुक्यात? चोर्ल्याला जुलैत त्या पांढऱ्या लाईटीनं जाऊन ये आणि मग इथं लिही.

घाटातला_टेंपो

धुक्यात मी पण पार्किंग लावून हळू जातो, ते खरं आहे. समोर पांढरी भिंतच उभी राहते. तेवढ्यापुरतं मान्य.

निपाणीचा_पाहुणा

पार्किंग लावून नको रे बाबा, धुक्यात डिपर तरी लाव, मागच्याला तू दिसायला पायजेस.

आणि कायद्याचं पण बघा, मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२, कंपनीनं दिलेल्यात बदल करायचा नाही असं आहे. अपघात झाला की इन्शुरन्सवाले पहिलं तेच काढतात. मामांच्या रिलेत बल्ब तोच ६०/५५ राहतो, तवा उजेडाची मर्यादा ओलांडत नाही, हा फरक मोठा आहे. १००/९० रस्त्यासाठी नाहीतच, दुकानात राजरोस विकतात ती गोष्ट वेगळी.

जांबोटीचा_रताळेवाला

शुक्रवारी काम केलं. सामान बेळगावात घेतलं, दोन रिले २८० ला, होल्डर, फ्यूज, वायर, थिंबल धरून एकूण ९६० रुपये झाले. वायरीचं ब्लेडनं बघितलं, पहिल्या दुकानातली आतनं पांढरी निघाली!! दुकानवाला म्हणतोय हीच सगळे नेतात. दुसरीकडनं घेतली.

सकाळी दहाला सुरू केलं ते दिवस मावळेपर्यंत. अर्धा दिवस जुना गोधडा सोडवण्यात गेला. एकदा अप्परचा रिले लागंना, कॉईलची अर्थ वायर मीच लावायला विसरलो होतो. रात्री लाईट लावली तवा रिलेचा टक् असा आवाज आला आणि समोरच्या गोठ्याची भिंत अशी पांढरी दिसली की म्हैस उठून उभी राहिली. आई बाहेर आली बघायला कुणाची गाडी आली म्हणून.

आकडे घ्या: बल्बवर आता १३.५. प्लसला ०.३, अर्थला ०.१. बल्ब तेच जुने ६०/५५. डॅशबोर्डातला स्विच आधी दहा मिनिटात गरम लागायचा, आता गार.

पण एक झालंय. काल माल भरून गेलो तर समोरनं येणारा प्रत्येकजण मला अप्पर मारून दाखवायलाय, मी डिपरवर असताना. रिकामी असताना कोण काय म्हणत नाही. असं का?

वायरिंगवाले_मामा

पोती कुठं ठेवतोस, मागं ना? मग मागनं गाडी बसते आणि नाक वर होतं, लाईट झाडात जाते. आधी उजेडच नव्हता म्हणून कुणाला कळत नव्हतं. सेटिंग माल भरून कर.

सपाट जागा बघ, समोर भिंत २५ फुटावर. जमिनीपासनं बल्बच्या मधोमध उंची मोज आणि तेवढ्याच उंचीवर भिंतीला खडूनं आडवी रेघ मार. मग तिच्याखाली ३ इंचावर दुसरी रेघ. डिपर लावलास की उजेडाची वरची कड ह्या खालच्या रेघेवर आली पायजे, डाव्या बाजूला ती थोडी वर चढलेली दिसेल, ती तशीच असते, रस्त्याच्या डाव्या कडेची माणसं दिसायला दिलीय. तुझी उजवीकडं चढत असली तर काच परदेशी रस्त्याची कुणीतरी घातलीय, ती बदल. गोल लाईटीच्या रिंगेवर दोन स्क्रू असतात, एक वर-खाली आणि एक डावी-उजवीकडं. एकेक लाईट पोत्यानं झाकून कर, दोन्ही एकदम केल्यास तर काय कळत नाही.

माल कधी पाच पोती, कधी पंचवीस, मग काय करणार. तर जड असताना सेट कर, रिकामं असताना थोडं जवळ पडेल, चालतंय.

जांबोटीचा_रताळेवाला

केलं मामा, शाळेच्या भिंतीवर केलं. मास्तर विचारायले रेघा कुणी मारल्या. डावीकडंच चढतेय. आज पहाटे गेलो, कुणी अप्पर मारलं नाही. आणि किणयेच्या त्याच वळणाच्या पुढं परत एक ट्रॉली होती, चालती, मागं लाईट नाहीच, पण ह्या वेळेला उसाची पात लांबनंच दिसली, मी आरामात थांबलो. वीसेक जनावरांची डोळी पण चमकायली होती पुढं जंगलात, गवे असतील, आधी कधी दिसलेच नव्हते, बरं होतं का वाईट देव जाणे.

वायरिंगवाले_मामा

छान. आता एक कर, आठवड्यानं अर्धा तास लाईट लावून मग दोन्ही फ्यूज होल्डरला हात लावून बघ. कोमट चालेल, चटका नको. चटका बसला तर आतली पत्ती सैल आहे. आणि नवीन बल्ब कधी घालशील तवा काचेला बोट लावू नको, हाताचं तेल लागलं की हॅलोजन तिथंच फुटतो, लागलंच तर स्पिरिटनं पूस. बल्बला आता पुरं व्होल्टेज मिळायलंय, आधीपेक्षा लवकर जातील, डॅशबोर्डात एक जोडी ठेव.

रिफ्लेक्टर कसे आहेत आतनं? चंदेरी का काळे पडलेत?

जांबोटीचा_रताळेवाला

डावा चकचकीत. उजवा खालनं थोडा काळा पडलाय, होल्डर वितळला तीच बाजू. सुगी झाली की बदलतो.

बुलेटवाला_चंदगड

मामा माझी बुलेट पण अशीच मंद आहे, हेच रिले किट लावू का? आंबोलीला जायचंय पुढल्या शनिवारी.

वायरिंगवाले_मामा

कुठल्या सालची ते लिहिलं नाहीस. आधी बघ, इंजिन बंद ठेवून चावी फिरवल्यावर हेडलाईट लागते का. लागत नसली आणि रेस दिल्यावर लाईट कमी-जास्त होत असली तर ती बॅटरीवर नाही, मॅग्नेटवरनं (इंजिनाबरोबर फिरून वीज करणारं) थेट एसी करंटवर आहे, तिथं रिले लावलास तर टकटकटक करत नुसता थरथरेल. २०१७ च्या एप्रिलनंतरची असली तर लाईट कायम चालूच राहणारी असते, त्याचं वेगळं बघावं लागतं. स्विचजवळच्या वायरींचा फोटो काढून टाक, दिवसाउजेडी, रात्री काढलेला नको.